शुद्ध केलेला आयन चॅनल कृत्रिम पटलात बसवून औषधांची चाळणी करता येते का?

प्रश्न

आमच्या गटाकडे पोटॅशियम चॅनलवर (पेशीच्या पटलातून पोटॅशियम आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनावर) परिणाम करतील असे वाटणारी काही संयुगे आहेत. त्यांतील कोणती पुढे न्यायची हे ठरवण्यासाठी सहसा पेशींवर पॅच क्लॅम्प (सूक्ष्म काचनळी पेशीला टेकवून चॅनलमधील प्रवाह मोजण्याची पद्धत) करतात. आमच्याकडे पेशी वाढवण्याची सोय नाही, प्रथिने शुद्ध करण्याची सोय मात्र आहे. तेव्हा बीके हा कॅल्शियमने उघडणारा पोटॅशियम चॅनल शुद्ध करून लिपिडच्या (मेदाच्या) दुहेरी थरात बसवावा आणि त्यावर सगळी संयुगे तपासावीत, असा विचार चालू आहे. त्याचबरोबर हृदयातील एचईआरजी या पोटॅशियम चॅनलवरही हीच पद्धत वापरता येईल का? या चॅनलला अडवल्यामुळे हृदयाची लय बिघडते आणि त्याच कारणाने टर्फेनाडिन, सिसाप्राइड यांसारखी औषधे अनेक देशांत बाजारातून काढावी लागली, हे ठाऊक असल्यामुळे ती तपासणी टाळता येणार नाही.

उत्तर १

बीकेसाठी ही पद्धत उत्तम आहे, परंतु ती चाळणी म्हणून न वापरता, चाळणीतून उरलेली संयुगे नेमके काय करतात हे समजून घेण्यासाठी वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

छिद्रावर लिपिडचा पातळ थर रंगवून कृत्रिम पटल तयार करण्याची पद्धत म्यूलर, रुडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मांडली. १९७२ मध्ये मॉन्टाल आणि म्यूलर यांनी दोन एकेरी थर एकमेकांसमोर आणून द्रावक फारसा न उरणारे पटल बनवले. पॅच क्लॅम्प त्यानंतर, १९७६ मध्ये आला. तरीही पटलाची पद्धत मागे पडली नाही, कारण पेशीत सहज न मिळणाऱ्या काही गोष्टी ती देते. लिपिड कोणते असावे, दोन्ही बाजूंच्या द्रावणात काय असावे आणि संयुग कोणत्या बाजूने घालावे, हे सर्व प्रयोग करणाऱ्याच्या हातात राहते.

यांतील शेवटची गोष्ट औषधांच्या बाबतीत सर्वांत मोलाची आहे. विंचवाच्या विषातील कॅरिब्डोटॉक्सिन बीके चॅनलला फक्त बाहेरच्या बाजूने अडवते. पटलातील एकाच चॅनलचा प्रवाह नोंदवत असताना ते घातले, तर चॅनल मध्येच काही सेकंद पूर्ण गप्प बसतो आणि पुन्हा उघडझाप करू लागतो. असा प्रत्येक दीर्घ खंड म्हणजे विषाचा एक रेणू येऊन बसणे आणि निघून जाणे होय. खंडांची सरासरी लांबी विषाच्या संहतीवर अवलंबून नसते, ती सुटण्याचा वेग सांगते. दोन खंडांमधील वेळ मात्र संहती वाढवली की कमी होत जातो आणि त्यावरून बसण्याचा वेग मिळतो. दोन संयुगांची परिणामकारक संहती सारखीच असली, तरी त्यांतील एक झटकन सुटणारे आणि दुसरे चिकटून राहणारे असू शकते, आणि हा फरक येथे थेट डोळ्यांना दिसतो.

अर्थात, चॅनल पटलात कोणत्या तोंडाने बसला आहे हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. बीकेच्या बाबतीत ते सोपे आहे: ज्या बाजूचे कॅल्शियम काढून घेतल्यावर चॅनल बंद होतो, ती आतली बाजू.

वेग मात्र या पद्धतीत नाही. पटल फुटते, चॅनल बसण्याची वाट पाहावी लागते, कधी एकाऐवजी चार बसतात. स्वयंचलित पॅच क्लॅम्पच्या यंत्रात ३८४ कप्प्यांची थाळी एका वेळी तपासता येते. तिच्याशी एका कक्षातील पटलाने स्पर्धा करू नये.

उत्तर २

एचईआरजीच्या बाबतीत मी अधिक सावध राहीन, आणि त्याचे पहिले कारण निव्वळ आकड्यांचे आहे. पटलाची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोफॅरड धरली, तर १५० मायक्रोमीटर व्यासाच्या छिद्रावरील पटलाची धारिता सुमारे ९० पिकोफॅरड भरते. धारिता जितकी अधिक, तितका नोंदीतील नॉइज अधिक. बीकेची वाहकता २०० पिकोसीमेन्सच्या पुढे असल्याने १०० मिलिव्होल्टला २० पिकोअँपिअरहून मोठी पायरी (चॅनल उघडताना प्रवाहात होणारी उडी) दिसते. एचईआरजीची वाहकता दोन्ही बाजूंना भरपूर पोटॅशियम असतानाही सुमारे १० पिकोसीमेन्स, म्हणजे तितक्याच व्होल्टेजला केवळ १ पिकोअँपिअर. ती नोंदवण्यासाठी छिद्र लहान करावे लागते आणि फिल्टर इतका खाली आणावा लागतो की जलद घटना नोंदीतून पुसल्या जातात.

दुसरे कारण लिपिडचे आहे. डायफायटॅनॉइल फॉस्फॅटिडिलकोलीन हे लिपिड टिकाऊ असते म्हणून सगळे वापरतात, परंतु पेशीच्या पटलात ते नसते. काही चॅनलना विशिष्ट लिपिड लागतेच. किर या पोटॅशियम चॅनलच्या दुसऱ्या एका गटातील चॅनल पीआयपी-टू हे लिपिड नसेल तर उघडत नाहीत. अशा वेळी संयुगाने चॅनल बंद केला की तो मुळातच उघडण्याच्या स्थितीत नव्हता, हे कळणार नाही. एचईआरजीच्या सुरक्षा तपासणीसाठी पेशींवरील मोजमाप बाहेरून करून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

एक अपवाद नोंदवतो. अनेक औषधे एचईआरजीच्या आतल्या पोकळीत, ६५२ आणि ६५६ या स्थानांवरील अमिनो आम्लांशी जोडली जातात, आणि त्यासाठी त्यांना आधी पेशीत शिरावे लागते. एखादे संयुग निष्प्रभ वाटले, तर ते जोडले जात नाही की आतच पोहोचत नाही, हा प्रश्न आतल्या बाजूने ते घालूनच सुटतो.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आम्ही बीकेपुरतेच पटल वापरू. परंतु नोंदीत दिसणारी पायरी खरोखर आमच्या चॅनलची आहे, आणि संयुगाचा परिणाम चॅनलवर झाला आहे, पटलावर नाही, याची खात्री कशी करावी?

उत्तर ३

हा प्रश्न प्रयोग सुरू करण्यापूर्वीच विचारलात, हे फार चांगले झाले. शुद्धीकरणातून उरलेले डिटर्जंट पटलात छिद्रे पाडते आणि त्यांचा प्रवाह हुबेहूब चॅनलसारखा दिसू शकतो. काही लिपिड गोठण-वितळणाच्या तापमानाजवळ असताना प्रथिनाशिवायही तशाच पायऱ्या देतात. म्हणून प्रथिन वगळून, पण तेच डिटर्जंट आणि तेच टप्पे वापरून बनवलेल्या पुटिकांची (ज्यांतून चॅनल पटलात सोडतात त्या लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांची) नोंद आधी घ्यावी. मग एका बाजूला ५०० आणि दुसऱ्या बाजूला ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड ठेवून प्रवाह शून्य कोठे होतो ते पाहावे. पोटॅशियमच निवडणारा चॅनल असेल, तर त्याचा प्रवाह ५० ते ६० मिलिव्होल्टच्या दरम्यान शून्य होईल. साध्या छिद्राचा प्रवाह शून्य मिलिव्होल्टच्या जवळच शून्य होईल. त्यानंतर कॅरिब्डोटॉक्सिनने अडवून खात्री करावी.

संयुग पटलावर काम करते का, हे तपासण्यासाठी ग्रॅमिसिडिन हे पटलात वाट तयार करणारे लहान पेप्टाइड वापरा. त्याचे दोन रेणू समोरासमोर जुळले तरच वाट उघडते, त्यामुळे पटलाची जाडी किंवा लवचिकता बदलली की वाट उघडी राहण्याचा काळही बदलतो. ज्या संहतीला तुमचे संयुग बीकेवर परिणाम करते, त्याच संहतीला ग्रॅमिसिडिनचा काळही बदलत असेल, तर ते संयुग मी यादीत खाली ढकलेन.

तेलात ठेवलेल्या पाण्याच्या दोन थेंबांमध्ये पटल बनवण्याचा विचार असेल, तर मेदप्रिय संयुगे तेलातच विरघळून जातात आणि पाण्यातील खरी संहती तुम्ही घातलेल्या संहतीपेक्षा बरीच कमी राहते. अशा संयुगांसाठी छिद्रावरचे पटल वापरणेच बरे, आणि रंगवण्यासाठी वापरलेले डेकेन हे द्रावक तेथेही कमीत कमी ठेवा.