'सुंता', 'छाटणी' आणि पौलाची कोटी

वाकडीमात्रा:
ख्रिस्ती मिशनच्या आरंभकाळावरचं एक प्रकरण मराठीत करतेय. बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्र 3:2 ला अडलेय; पत्र प्रेषित पौलाचं. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता केलीच पाहिजे, असं म्हणणाऱ्यांवर पौल चिडून कोटी करतो. सुंतेला ग्रीकमध्ये 'पेरितोमे'. यांच्या सुंतेला तो म्हणतो 'कातातोमे', म्हणजे नुसती चिरफाड. उपसर्ग फिरवला की टोमणा तयार. आपल्या 'सुंते'ला मागेपुढे काही जोडताच येत नाही. सुचवा काहीतरी.

शब्दखुळा:
मुळात सुंता कशाला? अरबी 'सुन्नत'वरून आलेला शब्द, आणि पौल इस्लामच्या साडेपाचशे वर्षं आधीचा. 'परिकर्तन' घ्या. ग्रीक पेरी आणि आपला परि सख्खे भाऊ. मग परिकर्तन–विकर्तन अशी कोटीही आपसूक जमते.

नानबा:
परिकर्तन म्हणजे नगरपालिकेची झाडं छाटायची निविदा वाटते हो! आणि सुन्नत म्हणजे रीत, वहिवाट. प्रेषितांची कृत्ये 15:1 मध्ये भांडण सुरू होतं तेच 'मोशेच्या रीतीप्रमाणे' सुंता करा यावरून. इतका नेमका शब्द आयता मिळालाय, तर कोश कशाला उघडायचा?

रेवदंडा:
आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. घरात सुंताच म्हणतात, हिब्रू 'मिला' फक्त प्रार्थनेत. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळत होते तेव्हा हिब्रू विसरले, शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. पण शनिवारचा खाडा आणि आठव्या दिवशीची सुंता सुटली नाही. आठवा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारीच, आला तरी पुढे ढकलत नाहीत. माझ्या पुतण्याच्या वेळी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्यासाठी राखलेल्या, खुर्चीवर पांढरी चादर घातली होती, आणि आजी सगळ्यांना दटावत होती, "त्या खुर्चीवर कोणी टेकू नका रे." तेव्हा शब्द परका आहे हे आम्हाला सांगू नका.

पापडी:
आमच्या वसईकडे 1 जानेवारी म्हणजे येशूच्या सुंतेचा सण. नाताळपासून आठवा दिवस ना! 1969 च्या नव्या कॅलेंडरात तो दिवस देवमाता मरियेचा झाला, तरी म्हातारी माणसं जुनंच नाव घेत. बायबलवर्गात दाविदाशी लढलेल्या गल्याथाला 'बेसुंती पलिष्टी' म्हणायचे, आम्हाला वाटायचं त्याला गाता येत नसेल.

शब्दखुळा:
बेसुंती! फारसी उपसर्ग, अरबी शब्द, मराठी प्रत्यय. धन्य. शिवाय बखरी-कादंबऱ्या वाचलेल्या वाचकाला सुंता म्हटलं की नेताजी पालकर आठवतो. बाटवाबाटवीचा वास येतो त्या शब्दाला.

नानबा:
मग येऊ द्या की! कृत्ये 15 मधलं अंत्युखिया शहरातलं ते भांडण दुसरं काय होतं? आत यायचं तर कापून घ्यायचं का, एवढंच. इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत ठरलं की नको. मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म एवढं टाळा म्हणजे झालं. मोठ्या माणसावर सुरी चालवायची म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला टोचलंच पाहिजे. परिकर्तन टोचत नाही.

पापडी:
मग पौलानं लगेच पुढच्या अध्यायात आपल्या सोबत्याची, तीमथ्याची, सुंता का केली? बैठकीची शाई वाळली नव्हती.

रेवदंडा:
कारण त्याची आई यहुदी. बाप ग्रीक असला तरी मुलगा आमचाच. पौलाचा दुसरा सोबती तीत, त्याचं तसं नव्हतं, तो पुरता ग्रीक, म्हणून त्याची सुंता नको यासाठी पौल अडून बसला.

पापडी:
वंश आईकडून धरायचा नियम तेव्हा पक्का होता का, यावर विद्वानांत वाद आहे. कृत्ये 16:3 मध्ये कारण सरळ दिलंय: तिथल्या यहुद्यांमुळे. मला तरी ती तडजोडच वाटते.

रेवदंडा:
तडजोड म्हणा, पण आमच्या नियमाला कशाला मध्ये ओढता?

वाकडीमात्रा:
मंडळी, कोटी!

नानबा:
'सुंतावाले कसले, छाटणीवाले ते!' असं करा. गलतीकरांस 5:12 मध्ये पौल म्हणतोच, एवढी हौस आहे तर स्वतःचं सगळंच छाटून घ्या. शब्द त्याच्या स्वभावाला धरून आहे.

शब्दखुळा:
छाटणीवाले? कामगार कपात वाटते. आणि बाई, पहिल्या पोस्टमध्ये 'यहुदी' ऱ्हस्व का? 'यहूदी' नको का?

रेवदंडा:
आम्ही ऱ्हस्वच लिहितो.

शब्दखुळा:
लिहीत असाल. नियम काय सांगतो?