'चयापचय' आणि पचन यांची गल्लत

ऐरोलीकर:
नौपाड्यातल्या माझ्या मावशीला तलावपाळीला एक फेरी मारतानाही धाप लागायची. टूडी इको झाला, मग उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी. निदान आलं 'पल्मनरी आर्टरियल हायपरटेन्शन', म्हणजे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढणं. यात रक्तवाहिन्यांच्या पेशींचं मेटाबॉलिझमही बिघडतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मावशीला सांगितलं, "चयापचय बिघडलंय." तेव्हापासून ती रात्री नुसत्या ताकभातावर आहे. तिला वाटलं, पचनाचा दोष! वेगळा शब्द वापरायला हवा होता का?

पाचपाखाडीकर:
शब्द बरोबर आहे. 'पचन' पच् धातूवरून, म्हणजे शिजणं. 'चय' चि धातूवरून, म्हणजे गोळा करणं, रचणं. 'संचय' त्याच घरातला. चय म्हणजे घडण, अपचय म्हणजे मोड. 'अपचय' आणि 'अपचन' कानाला सारखेच लागतात, त्यामुळे मावशींचा समज अगदी स्वाभाविक आहे.

आणि या आजारात नेमका हाच तोल ढळतो. निरोगी पेशी ग्लुकोज मोडून पायरुव्हेट करते आणि ते तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळते. एका ग्लुकोजमागे सुमारे ३० एटीपी, म्हणजे पेशी वापरते ते ऊर्जेचे रेणू, मिळतात. इथे फुप्फुसधमन्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये पीडीके नावाचं विकर (एन्झाइम) पायरुव्हेटची तिथे जळण्याची वाट अडवतं. ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज अर्धवटच मोडतं, आणि त्या अर्धवट वाटेवर एका ग्लुकोजमागे २ एटीपी. कर्करोगाच्या पेशींत असा प्रकार जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवला होता. ऊर्जा थोडी, पण उरलेला माल नव्या पेशी रचायला कामी येतो. मरायला हव्यात त्या पेशीही टिकून राहतात. चय वाढला, भिंत जाड झाली, वाट अरुंद झाली, दाब चढला. हे एकमेव कारण नव्हे, काहींत बीएमपीआर२ या जनुकातला दोषही असतो.

नेरुळकर:
'फुफ्फुस' की 'फुप्फुस'? शिवाय नुसतं 'बीपी' म्हटलं तर मावशी दंडाला पट्टा बांधून १२०/८० दाखवतील.

पाचपाखाडीकर:
संस्कृतात फुप्फुस. महाप्राणाचं (ख, फ) द्वित्त होताना आधीचं अक्षर अल्पप्राण (क, प) होतं, 'मक्खन'सारखं. दाबाबद्दल तुमचं खरं आहे, म्हणून मी 'फुप्फुसधमन्यांचा अतिदाब' म्हणेन. तो दंडावर कळत नाही. कॅथेटरने मोजलेला सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या वर गेला की तो वाढलेला धरतात.

ऐरोलीताई, एक सांगते. मावशींशी बोलताना 'साखर' म्हणू नका, चहातलीही सोडतील. 'पेशींचं इंधन' म्हणा.

ऐरोलीकर:
आत्ताच फोन केला. म्हटलं, पोटाचा काही संबंध नाही, रक्तवाहिन्यांच्या पेशी इंधन अर्धवट जाळतात आणि नको तेवढ्या वाढतात. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आधी सांगायचंस ना गं. आज पोळी लाटते."