मदत हवी आहे: डोमेनचे यूजर दोन लिनक्स सर्व्हरवर वेगळ्या आकड्यांनी दिसतात

रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंग युनिटचं नेटवर्क आहे. विंडोजचा डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन खाती सांभाळणारा सर्व्हर), १४ विंडोज पीसी आणि 'हापूस' डोमेनला जोडलेले उबुंटूचे दोन सर्व्हर. दोन्हींवर सांबा (लिनक्सवरून विंडोजला फाइली देणारं सॉफ्टवेअर) आणि विनबाइंड (डोमेनचे यूजर लिनक्सला ओळखून देणारा त्याचा भाग). पहिल्यावरचा बिलांचा फोल्डर दुसऱ्यावर एनएफएसने (लिनक्सची नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची पद्धत) माउंट केलाय. पहिल्यावर 'लेखा' या यूजरचा यूआयडी (लिनक्सवरचा यूजरचा आकडा) ३००४, दुसऱ्यावर ३००४ म्हणजे 'गोदाम'! त्यामुळे बिलं गोदामाच्या नावे दिसतात, आणि गोदामाला उघडतातही. एसएमबी.कॉन्फमध्ये (सांबाची सेटिंग फाइल) आयडीमॅपच्या, म्हणजे डोमेन यूजरला आकडा देण्याच्या, दोनच ओळी आहेत: '*' साठी बॅकएंड टीडीबी आणि रेंज ३०००-७९९९. डोमेन पुन्हा जॉइन करावं लागेल का? आंबा यायला लागायच्या आत हे मार्गी लावायचंय.

प्रतिसाद १

पुन्हा जॉइन नको. विंडोज यूजरला एसआयडीने (डोमेनने दिलेली लांबलचक ओळख) ओळखतं, लिनक्स आकड्याने. टीडीबी आधी येईल त्याला पुढचा मोकळा आकडा देतो आणि नोंद त्याच मशीनवर ठेवतो. दोन सर्व्हरवर लोक वेगळ्या क्रमाने आले की आकडे वेगळे. साध्या एनएफएसवर परवानगी आकड्यावरच ठरते.

'*' च्या ओळी राहू द्या, विंडोजच्या बिल्टइन (अंगभूत) गटांना त्या लागतात. दोन्ही सर्व्हरवर ही भर घाला:

आयडीमॅप कॉन्फिग हापूस : बॅकएंड = आरआयडी
आयडीमॅप कॉन्फिग हापूस : रेंज = १००००-९९९९९९

आरआयडी म्हणजे एसआयडीचा शेवटचा आकडा. तो १०००० मध्ये मिळवला की यूआयडी. लेखाचा आरआयडी ११०८ असेल तर दोन्हीकडे १११०८. 'डोमेन यूजर्स' गटाचा ५१३, म्हणून १०५१३. दोन रेंज एकमेकींवर चढू देऊ नका, आणि १०००० हा आकडा पुढे कधीही बदलू नका. सगळे मालक सरकतील.

प्रतिसाद २

कॉन्फिग बदलणं पाच मिनिटांचं काम, खरी मेहनत जुन्या फाइलींची. आधी एक सांगा: दुसऱ्या सर्व्हरवरून त्या फोल्डरमध्ये कोणी लिहितं का? लिहीत असेल तर एकाच डिस्कवर ३००४ चे दोन अर्थ आहेत आणि आकड्यावरून ते वेगळे करता येणार नाहीत.

धागाकर्ता

लिहितात, पण फक्त 'स्कॅन' या सबफोल्डरमध्ये. तिथे दुसरं कोणी लिहीत नाही.

प्रतिसाद २

मग वाचलात. बदलाआधी दोन्ही सर्व्हरवर प्रत्येक यूजरसाठी 'डब्ल्यूबीइन्फो -आय' चालवून जुने आकडे लिहून ठेवा, गटांचेही. बॅकअप घ्या. सांबा आणि विनबाइंड थांबवा, दुसऱ्यावरचं माउंट काढा, ओळी घाला, 'नेट कॅश फ्लश' करा, विनबाइंड सुरू करा.

आता पहिल्या सर्व्हरवरच, रूट म्हणून (एनएफएसवरून केलं तर रूट स्क्वॉश, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या रूटचे अधिकार काढून घेणारी सेटिंग, अडवेल): आधी 'स्कॅन'मध्ये दुसऱ्या सर्व्हरच्या यादीने, मग बाकी सगळ्यावर पहिल्याच्या यादीने 'फाइंड -यूआयडी' (जुन्या आकड्याच्या फाइली शोधायला) आणि 'चोन -एच' (मालक बदलायला) चालवा. हा क्रम उलटवू नका. नवे आकडे जुन्या रेंजबाहेर असल्याने एकदा बदललेली फाइल पुन्हा सापडत नाही. गटांसाठी 'फाइंड -जीआयडी' (जीआयडी म्हणजे गटाचा आकडा) आणि 'चग्रप -एच'.

चोनने एसीएलमधल्या (मालकाखेरीज इतरांना दिलेल्या परवानग्यांची यादी) नोंदी बदलत नाहीत. 'गेटफॅकल -आर -एन' ने त्या तपासा. तिथे जुना आकडा उरला तर मालक बरोबर असूनही, त्या नोंदीतून परवानगी मिळालेल्यांना फाइल उघडणार नाही. दुसऱ्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर हेच त्याच्या यादीने.

प्रतिसाद १

एक पुरवणी. पावसात वीज गेली आणि सर्व्हरचं घड्याळ डोमेन कंट्रोलरपेक्षा ५ मिनिटांहून जास्त चुकलं, तर कर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं. ते मॅपिंगचं दुखणं समजून आकड्यांना हात लावू नका. आधी क्रोनी (सर्व्हरचं घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) डोमेन कंट्रोलरच्या वेळेशी जुळलंय का पाहा.