चित्रकार व्हायला कलाशाळाच हवी का?

देवगडकर: भाचा बारावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड. दिवसभर माणसंच काढतो, बंदरावर जाळी दुरुस्त करणारी, एसटीत पेंगणारी. आता मुंबईच्या जेजे कलाशाळेचा हट्ट धरलाय. मी म्हटलं, चित्रकार सुधीर पटवर्धनांकडे बघ. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झाले, कलाशाळेत गेलेच नाहीत. २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजी सांभाळून 'इराणी रेस्टॉरंट', 'लोअर परळ' रंगवली. चित्रकार भूपेन खख्खर तर सीए! मग मुंबईचं भाडं कशाला भरायचं?

वैभववाडी_फाटा: अर्धंच सांगताय. ज्यानं आयुष्यभर माणसाची हाडं आतून बघितली, त्याचं ते शिक्षण नव्हे? शिवाय ठाण्याहून लोकल पकडली की जहांगीर आर्ट गॅलरी. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम असे चित्रकार सोबतीला होते. ही संगत देवगडात कुठल्या धक्क्यावर मिळते?

देवगडकर: आता फोनवर मिळते. पटवर्धन ज्याच्यावरून शिकले तो फ्रेंच चित्रकार सेझान कालच दाखवला त्याला.

वैभववाडी_फाटा: फोनवर सेझान वीतभर असतो हो.

पिंगुळी_तिठा: तुम्ही दोघेय मुंबईतच अडकलात. आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात ते काय उगाच? मी चौथीत असल्यापासून माती मळतोय. डोळ्यांची आखणी करायला मिळाली ती थेट दहावीनंतर. तोवर नुसतं बघायचं. आणि आमच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीतले, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगतात त्यातले, ते टपोरे डोळे बघा, माणूस काढायला कोकणात कधी कोणाचं अडलं नाही.

वैभववाडी_फाटा: शाळेबद्दल आदर आहे, पण तिथे उंदीर कुठे बसणार तेही ठरलेलं. पेंगणाऱ्या कंडक्टरची मान नेमकी कुठून कलते, हे समोर माणूस बसवून तासन् तास काढल्याशिवाय कळत नाही. मुंबई नको तर सावर्ड्याला घाला. चिपळूणजवळ आहे, सह्याद्रीचं कला महाविद्यालय.

देवगडकर: सावर्डे डोक्यातच नव्हतं. पण पोटाचं काय? पटवर्धनांना दवाखाना होता.

पिंगुळी_तिठा: ह्याचा दवाखाना कुठला ते तुम्हीच सांगा. एप्रिल-मेत आंब्याच्या पेट्या भरायला बसवणार ना?

देवगडकर: मग कलमं कोण बघणार? मला मूलबाळ नाही.

वैभववाडी_फाटा: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत.