आर्टिकलशिपसाठी सीएंना पाठवायचा चार ओळींचा परिचय : परीक्षेचे गुण आधी की काम आधी?

ताळमेळ (धागाकर्ती)

सीए (सनदी लेखापाल) अभ्यासक्रमातील इंटरमिजिएट या मधल्या परीक्षेचा निकाल लागला की सीएंच्या कार्यालयांकडे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, मागणाऱ्या संदेशांची रीघ लागते. माझ्या धाकट्या बहिणीने असाच एक परिचय लिहून मला दाखवला. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक असून आपल्या नामांकित फर्ममध्ये संधी मिळाल्यास तिचे सोने करीन,’ असे त्यात होते. त्यात खोटे काहीच नव्हते, पण तो मजकूर कोणीही कोणालाही पाठवू शकला असता.

बहीण दोन वर्षांपासून वडिलांच्या हार्डवेअर दुकानाच्या नोंदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, दर महिन्याला खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या विवरणाशी) ताडून पाहते आणि ज्या पुरवठादाराचे बिल त्यात दिसत नाही त्याला स्वतः फोन करते. हे तिला सांगण्याजोगे वाटलेच नव्हते! माझे ठाम मत आहे की परिचयाची पहिली ओळ हीच असावी, विशेषणे सगळी काढावीत आणि परीक्षेचे गुण व कितव्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो हे शेवटी यावे.

नाशिकचा सीए

मी बावीस वर्षे प्रॅक्टिस करतो आहे आणि आपल्या मताशी सहमत नाही. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. टॅली महिनाभरात शिकवता येते; लेखामानकांची समज कच्ची असेल तर ती भरून काढायला आता माझ्याकडे वेळ उरत नाही. म्हणून माझी नजर आधी गुणांवर जाते, मग कोणत्या तारखेपासून रुजू होणार यावर. शिवाय दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख अगदी तळाशी आला की तो दडवल्यासारखा वाटतो, आणि हिशेबाच्या व्यवसायात तशी शंका येणे परवडत नाही.

माण तालुका

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरत आहात, ती म्हणजे मुलाकडे सांगण्यासारखे गुण तरी आहेत किंवा घरचे दुकान तरी आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हते. वडील मजुरीला जात आणि माझे इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) जेमतेम सुटले होते. ‘मेहनती’ हा शब्द मीही लिहिला होता, कारण दुसरे काय लिहावे हे सांगणारे कोणी नव्हते. त्यामुळे अशा शब्दांना पोकळ म्हटलेले मला आजही लागते. अनेक ठिकाणांहून उत्तर न आल्यावर मी एकच ओळ बदलली : ‘एप्रिलमधील बँक ऑडिटसाठी बाहेरगावी मुक्काम करण्याची आणि सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबण्याची माझी तयारी आहे.’ दोन दिवसांत भेटीला बोलावणे आले. समोरच्या माणसाची अडचण कोणत्या महिन्यात असते हे ठाऊक असणे, हीही एक पात्रताच आहे असे मी मानतो.

ताळमेळ

सर, प्रयत्नांबाबत आपले म्हणणे मला पटले. गुणांबाबत मात्र पटलेले नाही, कारण गुण प्रत्येकाच्या अर्जात असतात आणि त्यावरून माणूस वेगळा ओळखू येत नाही. ‘माण तालुका’ यांनी लिहिलेले वाचून मी विशेषणांवरचा आक्षेप सौम्य करते. तो लिहिणाऱ्यावर नव्हता. सुधारलेला मजकूर असा आहे :

‘मी इंटरमिजिएटचा पहिला ग्रुप पहिल्या आणि दुसरा ग्रुप दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आहे. दोन वर्षांपासून एका हार्डवेअर दुकानाच्या टॅलीतील नोंदी आणि जीएसटीआर-२बीचा ताळमेळ मी स्वतः करते. पुढील महिन्याच्या १ तारखेपासून रुजू होऊ शकते आणि ऑडिटसाठी प्रवासाची तयारी आहे. आपल्या सोयीने दहा मिनिटे भेट मिळाल्यास आभारी राहीन.’

नाशिकचा सीए

मी अजूनही गुणपत्रिका मागवीनच. परंतु हा परिचय आला तर भेटीत पहिला प्रश्न त्या दुसऱ्या ओळीवर विचारीन : सर्वांत मोठा फरक किती रुपयांचा आला होता आणि पुरवठादाराने विवरणपत्र भरलेच नाही तेव्हा त्या क्रेडिटचे (खरेदीवर दिलेल्या जीएसटीच्या वजावटीचे) काय केले? याचे उत्तर बहिणीने तयार ठेवावे.