नगरपरिषदेचं कार्यालय नाट्यगृहात: सोय की अतिक्रमण?

विंगेतून
आमचं गाव तालुक्याचं. ‘क’ वर्ग नगरपरिषद, म्हणजे लोकसंख्या २५ ते ४० हजारांमधली. नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी इमारत धोकादायक ठरली तेव्हा नवी होईपर्यंत म्हणून कार्यालय सांस्कृतिक भवनात, म्हणजे गावच्या नाट्यगृहात आणलं. मध्ये विधानसभेची निवडणूक होऊन गेली, नव्या इमारतीच्या पायात कंबरभर गवत वाढलंय आणि कार्यालय आहे तिथेच आहे.

तिकीट खिडकीवर घरपट्टी भरून घेतात. ग्रीनरूममध्ये जन्म-मृत्यू नोंदणी. आरशाभोवतीचे बल्ब तसेच, खाली रजिस्टरांची चळत. डाव्या विंगेत झेरॉक्स मशीन. ‘रंगमंच तर मोकळाच आहे’ असं साहेब सांगतात. आहे ना, पण पात्रांनी प्रवेश कुठून करायचा?

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि आमच्यासारख्या गावांतल्या हौशी संस्थांनीच ती जगवली. आमच्या तालमी सध्या शाळेच्या वर्गात होतात, बाकं भिंतीला सारून. याच काळात नगरपरिषदेनं ‘महोत्सव’ मात्र दणक्यात केला. मैदानात मांडव, टीव्हीवरचे कलाकार, ऑर्केस्ट्रा आणि मागे नेत्यांच्या फोटोंचा एवढा मोठा फ्लेक्स. तेव्हा कलेसाठी पैसा नाही हे मला सांगू नका. एका रात्रीसाठी पैसा आहे, वर्षभरासाठी जागा नाही. कार्यालय कधी हलणार त्याची तारीख सभेत ठराव करून लिहून द्या, माझी मागणी इतकीच.

घरपट्टीवाला
जुन्या इमारतीत दाखल्यासाठी कधी उभे राहिला होतात का? जिन्याला टेकू होते. एखाद्या कारकुनाच्या डोक्यात स्लॅब पडला असता तर तुम्हीच पहिला धागा काढला असता. आणि भवनात नाटकं होत होती किती? साखरपुडे, पक्षाचे मेळावे, कुठल्याशा साड्यांचा सेल. बाहेर जागा भाड्यानं घ्यायची तर ते भाडं माझ्या खिशातून जाणार. रिकामी वास्तू वापरली तर बिघडलं काय?

विंगेतून
नाटकं का होत नव्हती तेही सांगा की. एका प्रयोगाचं भाडं साखरपुड्याइतकंच, वर अनामत, आणि मंत्र्यांचा दौरा लागला की आदल्या दिवशी फोन: तारीख रद्द. आधी वापर अवघड करून ठेवायचा, मग वापर नाही म्हणून जागा काढून घ्यायची!

जुना लेखापाल
नोकरी नगरपरिषदेतच गेली, म्हणून थोडं पैशाबद्दल. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला ४० टक्के मोकळा, पण तोही पगार आणि आस्थापनेवर खर्चता येत नव्हता. ‘क’ वर्गाचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. त्यातून कार्यालयाची इमारत उभी राहत नाही, राज्याकडून वेगळं अनुदान आणावं लागतं. ते हप्त्यांनी येतं आणि पहिल्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) अडकलं की दुसरा येत नाही. तुमचा पाया गवतात का आहे, ते तिथे शोधा.

दुसरं असं की, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि बहुतेक नगरपरिषदांवर डिसेंबर २०२५ च्या मतदानापर्यंत प्रशासक होते. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. विषय मांडणारे तेच, मंजूर करणारेही तेच. ‘भवन कधी रिकामं करणार’ हे विचारायला सभागृहात माणूसच नव्हता. आता नगरसेवक आलेत ना? तुमच्या वॉर्डातल्याला विषय द्यायला सांगा. महोत्सवाला मात्र मी शिव्या घालणार नाही. गावातल्या पोरी त्याच मांडवात पहिल्यांदा स्टेजवर नाचल्या.

घरपट्टीवाला
मी तेच म्हणतोय. पाणी, गटार, कचरा आधी. नाटक ही हौस आहे, नगरपरिषदेचं काम नाही.

आचार्य चहावाले
घटनेची बारावी अनुसूची उघडा साहेब. ७४व्या दुरुस्तीनं नागरी संस्थांसाठी १८ विषय दिलेत. पाणीपुरवठा ५वा, मान्य. पण १३वा विषय सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन असा आहे. लगेच पुढचा, १४वा, स्मशानभूमी. आमच्याकडे ५ वरून थेट १४ वर उडी मारतात.

घरपट्टीवाला
हसलो. पण राज्यानं ते विषय सोपवले तरी त्यासाठी दमडी दिली का?

डिचोलीकर
आमच्या गोव्यात नगरपालिकेच्या गळ्यात हे घालतच नाहीत. साखळी, मडगाव, कुडचडे, काणकोण इथली रवींद्र भवनं राज्याच्या कला व संस्कृती खात्याच्या छत्राखाली आहेत. नगराध्यक्ष बदलला म्हणून नाटकाची तारीख बदलत नाही. महाराष्ट्रानं तालुक्याच्या ठिकाणी हे करून बघावं.

विंगेतून
राज्याकडे दिलं की सगळं छान होतं, हे पणजीच्या कला अकादमीकडे बघून म्हणवत नाही हो. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. तेही राज्याचंच काम होतं. निदान आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत मी चालत जाऊ शकतो. खातं मुंबईत बसलं की संपलं.

डिचोलीकर
अकादमीचा राग आम्हालाही आहे. पण तुम्ही टेबलापर्यंत चालत गेलात, मग मिळालं काय?

लाइटवाला
सगळे निधी-कलमांवर बोलताय, मी वायरिंगवर बोलतो. आमच्याकडेही अशीच एक वास्तू आहे, तिथे दिव्यांचं काम मीच बघायचो. पडदे कापडी, रंगमंच लाकडी, शेजारी दप्तराचे कागद छतापर्यंत, आणि रंगमंचाच्या दिव्यांच्या लायनीवरच संगणक आणि एसी जोडलेले. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. तिथे कार्यालय नव्हतं, तरी ती अवस्था झाली. उद्या तुमच्याकडे ठिणगी पडली तर नाट्यगृह जाईलच, गावाच्या जन्मनोंदीही जातील. घरपट्टीवाल्या साहेबांनी निदान यासाठी तरी आमच्या बाजूनं यावं. आधी अग्निसुरक्षेची तपासणी लेखी मागा.

घरपट्टीवाला
हा मुद्दा मान्य. तपासणीच्या अर्जावर माझी सही घ्या. तारखेच्या ठरावावर नाही, कारण पैसे नसताना तारीख लिहिली तर ती दर सभेत पुढेच जाणार. त्यापेक्षा संध्याकाळी सहानंतर आणि सुट्टीच्या दिवशी भवन तालमीला द्या. मशीनला चाकं लावा. कार्यालयही चालेल, नाटकही.

लाइटवाला
सहाला शिपाई कुलूप लावून घरी जातो. चावी कोणाकडे?

विंगेतून
आमच्याकडे द्या. पोचपावती करून देतो.

जुना लेखापाल
दप्तर आत असताना चावी बाहेरच्या माणसाला कोणताही मुख्याधिकारी देणार नाही, आणि देऊही नये. एक रजिस्टर हरवलं तर निलंबन त्याचं. शिपायाला थांबवा, जादा कामाचे पैसे संस्थेनं भरावेत.

विंगेतून
म्हणजे आमच्या नाट्यगृहात बसलेल्या तुमच्या कपाटांची राखण आमच्या वर्गणीतून?

घरपट्टीवाला
मग माझ्या घरपट्टीतून का?