कॉलेज ग्रंथालयाबद्दल विद्यार्थी किती समाधानी आहेत, हे नीट मोजायचं कसं?

एमलिब_नाशिक
नमस्कार. एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) प्रकल्पासाठी नाशिकमधल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं सर्वेक्षण करते आहे. कला, वाणिज्य, विज्ञान मिळून साधारण २४०० विद्यार्थी आहेत. गूगल फॉर्मवर २० प्रश्न ठेवलेत आणि प्रत्येकाला 'अत्यंत समाधानी' ते 'अत्यंत असमाधानी' असे पाच पर्याय. चाचणी म्हणून वाचनकक्षात बसलेल्या ४० जणांकडून फॉर्म भरून घेतला. ३४ जणांनी जवळपास प्रत्येक प्रश्नाला 'समाधानी'वर टिक केली आहे.

पण देवघेवीच्या काउंटरवर 'पुस्तक मिळत नाही' हे रोज ऐकू येतं, आणि तिसऱ्या वर्षाची बरीच मुलं पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतात. मग फॉर्मवर विश्वास ठेवायचा की काउंटरवर? प्रश्नावलीत काय बदलू? किती जणांकडून भरून घेऊ? ग्रंथालयात कोहा (ग्रंथालयाचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यातली माहिती उपयोगी पडेल का? गाइड लिब्क्वाल (ग्रंथालयसेवेचा दर्जा मोजणारी तयार प्रश्नावली) वापरायला सांगतात, पण ते पदवीच्या मुलांना झेपेल का, अशी शंका आहे.

जुनी_फळी
पहिली अडचण फॉर्म कुठे भरून घेतला ही. वाचनकक्षात बसलेली मुलं म्हणजे ज्यांचं तिथे जमतं ती मुलं. ज्यांचं जमलं नाही ती त्या वेळी कँटीनमध्ये, घरी किंवा अभ्यासिकेत होती. शिवाय समोर ग्रंथालयाचा कर्मचारी दिसत असताना कोण 'असमाधानी' लिहील? उद्या त्याच काउंटरवरून पुस्तक घ्यायचं असतं.

दुसरी अडचण शब्दाची. मराठीत 'समाधानी' हा स्वभावही असतो. 'तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारलं की मुलं सेवेबद्दल न सांगता आपण कुरकुरे नाही एवढंच सांगतात. त्यातही खेड्यातून आलेली मुलं आहे त्याला नावं ठेवणं बरं नाही असं मानतात. म्हणून हा शब्द प्रश्नावलीतून जवळपास काढून टाका, शेवटच्या एका प्रश्नापुरता ठेवा. बाकी सगळं घडलेल्या गोष्टीवर विचारा:

'मागच्या खेपेस ग्रंथालयात कोणतं पुस्तक शोधत होता? (नाव किंवा विषय लिहा.)'
'ते त्या दिवशी हातात मिळालं का?'
'नसेल तर पुढे काय केलं? मित्राकडून घेतलं / झेरॉक्स काढली / विकत घेतलं / मोबाइलवर पीडीएफ शोधली / सोडून दिलं.'

या तिसऱ्या प्रश्नात तुमचा अर्धा प्रकल्प आहे. 'सोडून दिलं' किती जण म्हणतात आणि कोणत्या शाखेचे, हे पाहाच.

जोडप्रश्न मोडा. 'पुस्तके पुरेशी व अद्ययावत आहेत का?' हा एक प्रश्न नाही. आयकराचं उदाहरण घ्या. कपाटात १५ प्रती असतील, पण त्या मागच्या कर निर्धारण वर्षाच्या असतील तर वाणिज्यच्या मुलाच्या दृष्टीने शून्य प्रती. पुरेशी आहेत, अद्ययावत नाहीत. तो टिक कुठे करणार? मधल्या पर्यायावर, आणि तुम्ही त्याला 'तटस्थ' मोजणार.

तो मधला पर्याय म्हणजे एरवीही खड्डाच असतो. ज्याने सेवा वापरलीच नाही तोही त्यातच पडतो. म्हणून प्रत्येक सेवेला 'वापरली नाही' आणि 'अशी सोय आहे हे माहीत नव्हतं' हे दोन पर्याय वेगळे द्या. एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं, ई-जर्नल्स पुरवणारी सेवा) तर हमखास असंच होतं. इन्फ्लिबनेटची ती सेवा घरूनही चालते, पण कॉलेजने नाव नोंदवून प्रत्येकाला आयडी-पासवर्ड मिळवून द्यावा लागतो. ज्याला आयडीच मिळालेला नाही त्याला 'ई-जर्नल्सबाबत समाधानी आहात का?' विचारण्यात काय अर्थ? आधी 'आयडी मिळाला आहे का?', मग 'या सत्रात कितीदा उघडलं?', आणि मगच मत.

लिब्क्वालबद्दल: मूळ कल्पना फार चांगली आहे. २२ प्रश्न, तीन गट (कर्मचाऱ्यांची वागणूक व मदत, हवी ती माहिती मिळणं, जागा म्हणून ग्रंथालय), आणि प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ मध्ये तीन आकडे: किमान किती चालेल, किती हवं, प्रत्यक्षात किती मिळतं. समजा 'शांत बसायला जागा' याला मुलीने किमान ६, हवं ८, मिळतं ५ दिलं. मिळतं वजा किमान म्हणजे उणे १. नुसतं ५ पाहिलं असतं तर 'मध्यम आहे' म्हणून पुढे गेला असता. उणे आकडा सांगतो की किमान गरजही भागत नाही. पण २२ गुणिले ३ म्हणजे ६६ आकडे. दहाव्या प्रश्नानंतर मुलं एकच रांग भरत सुटतात. शिवाय ते साधन नोंदणी करून, शुल्क भरून वापरायचं आहे. किमान-हवं-मिळतं ही रीत आपल्या सहा-सात प्रश्नांना लावा आणि कल्पना कुठून घेतली ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

सांख्यिकी_शिकवते
किती जण, याचं उत्तर देते. यामाने यांचं सूत्र: एकूण संख्या भागिले (१ + एकूण संख्या × चुकीच्या मर्यादेचा वर्ग). चुकीची मर्यादा ५ टक्के, म्हणजे ०.०५, धरली तर तिचा वर्ग ०.००२५. मग २४०० भागिले (१ + २४०० × ०.००२५), म्हणजे २४०० भागिले ७, म्हणजे ३४३. क्रेजसी-मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात २४०० ला ३३१ आहे. दोन्हींपैकी एक घ्या आणि कोणतं घेतलं ते लिहा.

पण हा आकडा प्रतिसाद यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून काढावी तशा) निवडीतून आले असतील तरच लागू होतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकून ३४३ फॉर्म गोळा केले तर तो ३४३ चा नमुना नव्हे, ती ३४३ उत्साही मुलं. त्यापेक्षा वर्गात जा. शाखा आणि वर्ष यांच्या प्रमाणात तुकड्या निवडा. समजा कला ९००, वाणिज्य ९००, विज्ञान ६०० असतील तर १२९, १२९ आणि ८६. बेरीज ३४४ येते, चालेल. निवडलेल्या तुकडीच्या तासाची शेवटची दहा मिनिटं प्राध्यापकांकडून मागून घ्या आणि कागदावर भरून घ्या. त्या दिवशी हजर किती आणि फॉर्म किती आले, दोन्ही लिहून ठेवा. गूगल फॉर्मच वापरायचा असेल तर ईमेल गोळा करण्याची सेटिंग बंद ठेवा. नाव कळणार असं वाटलं की सगळे पुन्हा 'समाधानी'.

सरासरीच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती. '३.८ म्हणजे चांगलं' असं प्रकल्पांमध्ये सर्रास लिहिलेलं असतं. निम्म्या वर्गाने ५ आणि निम्म्याने १ दिला तरी सरासरी ३ येते, आणि सगळ्यांनी ३ दिले तरी ३. पहिल्या वर्गात निम्म्या मुलांचं काहीतरी फार चुकतंय, ते सरासरीत बुडून जातं. प्रत्येक प्रश्नाला किती टक्के कुठे, हे शाखानिहाय छापा. वसतिगृहातली, शहरातली आणि गावाहून येणारी मुलं वेगळी मोजा.

गाइड क्रॉनबॅक अल्फा (एका गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, ते सांगणारा आकडा) काढायला सांगतीलच. तो सगळ्या २० प्रश्नांचा एकत्र काढू नका. प्रश्न वाढले की अल्फा आपोआप चढतो. जागेचे प्रश्न एक गट, मदतीचे दुसरा, असा गटागटाने काढा. ०.७ च्या वर असेल तर ठीक. आणि 'मिळालं / नाही मिळालं' या घडलेल्या गोष्टींच्या प्रश्नांना अल्फा लावायचाच नसतो.

देवघेव_काउंटर
वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक भर. प्रश्नावली कितीही सुधारली तरी ती आठवणीवर चालते. पुस्तक का मिळालं नाही हे विद्यार्थ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं, त्याला फक्त 'नाही' ऐकू आलेलं असतं. त्यासाठी आठ दिवस चिठ्ठ्या भरा. पॉल कँटर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही उपलब्धता-पद्धत आहे, लहान ग्रंथालयातही सहज जमते.

पाव पानाची चिठ्ठी: पुस्तकाचं नाव, लेखक, तारीख-वेळ, 'मिळालं / नाही'. ओपॅकच्या (पुस्तकं शोधायची संगणकावरची यादी) संगणकाजवळ आणि कपाटांच्या तोंडाशी ठेवा. 'नाही' वाली प्रत्येक चिठ्ठी त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, कर्मचाऱ्याबरोबर तपासा. दुसऱ्या दिवशी तपासली तर पुस्तक जागेवर आलेलं असतं आणि कारण हाती लागत नाही. कारणं चारच लिहा: ग्रंथालयात घेतलेलंच नाही, बाहेर गेलंय, आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण विद्यार्थ्याला सापडलं नाही.

गणित असं. समजा १०० चिठ्ठ्या. १० पुस्तकं घेतलेलीच नाहीत, उरली ९०. त्यातली २७ बाहेर, उरली ६३. त्यातली ९ चुकीच्या फळीवर किंवा टेबलावर पडून, उरली ५४. त्यातली ९ जागेवर असूनही मुलांना दिसली नाहीत. हाती आली ४५. आता टप्पे बघा: ९० टक्के, ७० टक्के, सुमारे ८६, सुमारे ८३. एकेका टप्प्याला विचारलं तर फारसं वाईट नाही असंच उत्तर मिळेल. पण हे टप्पे एकमेकांना गुणले जातात, म्हणून शंभरातली पंचावन्न मुलं रिकाम्या हाताने जातात. तुम्ही विचारलंत ना, फॉर्म खरा की काउंटर? दोन्ही खरे, ते असे.

कारणानुसार उपाय आणि खर्च पूर्ण वेगळे, म्हणून ही फोड महत्त्वाची. 'बाहेर गेलंय' जास्त असेल तर प्रती वाढवा किंवा मागणीच्या पुस्तकांची मुदत कमी करा. एक-दोन प्रती संदर्भ विभागात राखून रात्रीपुरत्याही देता येतात. 'जागेवर नाही' याला एक रुपयाही लागत नाही, फळीवाचन (फळीवरची पुस्तकं क्रमाने आहेत का ते बघणं) लागतं. ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याचा बोधांक (विषय सांगणारा क्रमांक) ८९१.४६, हिंदीचा ८९१.४३, दोन्ही जवळजवळ. कण्यावरच्या लेबलवरचा शेवटचा आकडा हातांनी घासून पुसट झाला की पुस्तक हिंदीत जाऊन बसतं आणि पुढच्या साठा पडताळणीपर्यंत 'गहाळ' राहतं. लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावणं आणि रोज सकाळी अर्धा तास दोन कपाटं ओळीने वाचणं, एवढ्याने हा टप्पा सुधारतो. 'सापडलं नाही' जास्त असेल तर कपाटांच्या टोकाला मराठीत विषयाच्या पाट्या लावा. नुसता बोधांक बघून पहिल्या वर्षाच्या मुलाला काही उमगत नाही.

कोहात तीन ठिकाणी बघा. देवघेव विभागातलं आरक्षणांच्या प्रमाणाचं पान: एका प्रतीमागे किती जण रांगेत, ते तिथे दिसतं. मात्र आरक्षणाची सोय मुलांना माहीत नसेल तर ते रिकामं दिसेल, त्यावरून मागणी नाही असं समजू नका. दुसरं, अहवालांमध्ये एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी. तिसरं, एकही पुस्तक न नेलेल्या सभासदांची यादी, जी तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची आहे. वर म्हटलं तसं ज्यांचं जमलं नाही त्यांच्यापर्यंत पोचायचं असेल तर या यादीतून २५-३० जण निवडून समोरासमोर बोला. यादी मात्र ग्रंथपालांच्या परवानगीनेच घ्या आणि प्रबंधात एकही नाव येऊ देऊ नका.

ओझर_अपडाउन
वेळेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'ग्रंथालय रात्री ८ पर्यंत उघडं असावं का?' असं विचाराल तर सगळे हो म्हणतील. दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, सिन्नर, निफाडकडची मुलं एसटीच्या वेळेला बांधलेली असतात. गाडी चुकली तर पुढची किती वाजता आहे हे पाहून त्यांना उठावं लागतं, मुलींना तर हमखास. त्यांच्यासाठी ८ पर्यंतचा उपयोग शून्य. त्यांना सकाळी पहिल्या तासाआधी काउंटर उघडं हवं आणि दुपारच्या सुट्टीत बंद नको. म्हणून आधी 'परतीची गाडी किती वाजता?' हे विचारा आणि मग वेळेचा प्रश्न.

खासगी अभ्यासिकेत मुलं पुस्तकासाठी जात नाहीत. ठरलेली खुर्ची, टेबलाशी चार्जिंगचा पॉइंट, पंखा, पिण्याचं पाणी आणि कोणी उठवणार नाही याची खात्री, यासाठी जातात. वाचनकक्षात हे किती आहे ते स्वतः मोजा: खुर्च्या किती, चालू सॉकेट किती, पंख्याखाली न येणारी टेबलं किती. मग दर तासाला बसलेली माणसं मोजा, आणि नुसत्या बॅगा ठेवून अडवलेल्या जागा वेगळ्या मोजा. हे एकदा सत्राच्या मधे आणि एकदा परीक्षेच्या पंधरा दिवस आधी. दोन्हींत फार फरक असतो आणि एकाच आठवड्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

एमलिब_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. 'समाधानी' शब्दाबद्दलचं तर डोक्यातच आलं नव्हतं. २० चे १२ प्रश्न करते आणि वर्गात जाऊन कागदावर भरून घेते. एकच शंका: चिठ्ठ्यांना ग्रंथालयातले लोक तयार होतील का? आपल्या चुका शोधायला आलेय असं त्यांना वाटलं तर?

देवघेव_काउंटर
रास्त शंका आहे. सुरू करण्याआधी सगळ्यांना, शिपाईदादांनाही, कोरी चिठ्ठी दाखवा. त्यावर कर्मचाऱ्याच्या नावाचा रकानाच नाही हे त्यांना दिसू द्या. कोणत्या कपाटात सगळ्यात जास्त घोळ होतो हे आधी त्यांनाच विचारा, त्यांना तोंडपाठ असतं. ते लिहून ठेवा आणि शेवटी चिठ्ठ्यांच्या निकालाशी ताडून बघा.

आठ दिवस झाल्यावर प्रबंधाची वाट पाहू नका. सगळ्यात जास्त वेळा 'नाही' आलेल्या दहा पुस्तकांची यादी कारणांसह ग्रंथपालांना द्या. जी पुस्तकं जागेवर आणता येतील ती आणून झाली की 'ही आता फळीवर आहेत' असा कागद काउंटरशेजारच्या फलकावर लावायला सांगा. दुसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या परीक्षेआधी भरायच्या असतील तर हा कागद लागलेला असणं फार गरजेचं आहे, नाहीतर तेव्हा कोणी चिठ्ठी हातात घेणार नाही.